एक रांग पांढरी

१

"मुठीत पाचट घ्या आणि दाबा. थेंब पडला तर थांबा. तळहात नुसता ओला वाटला, की मग पुढे चला."

महिपती सरांनी ललिताला हे कामाच्या पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं. सर जाऊन आता दोन वर्षं होत आली, पण अळिंबीचा विषय निघाला की आधी त्यांचा तो सावकाश आवाज कानात येई आणि मग बाकीचं जग. मंगळवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या ऑफिसचा जिना चढताना ती फोनवर फोटो बघत होती, तेव्हाही तसंच झालं.

फोटो मांजरीच्या महिला गटाचे होते. उसाच्या कोरड्या पाचटावर अळिंबी, म्हणजे त्या बायकांच्या भाषेत मशरूम, लावायला त्या फोनवरून शिकल्या होत्या. पाचटाची पिशवी आतून दुधासारखी पांढरी व्हायला हवी. या पिशव्या शेवाळलेल्या हौदासारख्या हिरव्या झाल्या होत्या. एका रांगेमागे दुसरी, सगळ्या तशाच. शेवटच्या फोटोत मात्र एक रांग पांढरीशुभ्र होती.

त्याखाली गटप्रमुख सोजरबाईंचा बोललेला निरोप होता. "ललिताबाई, तीन दिस झालं फोन लावतीया, कुठं हाय तुमी? समद्यांचं गेलं. फकस्त त्या हुस्नबानूचं ऱ्हायलं. आता आमी काय येड्या न्हाई. तिनंच कायतरी टाकलंय. शुक्रवारी दुपारी तिच्या पिशव्या शेडातनं भायेर काढनार, आन् तिला बी."

तीन दिवस ललिताच्या घरी पारायणाची समाप्ती होती. तेवढे दिवस फोन कपाटात असे, आणि जग नेमकं तेवढ्याच दिवसांत कोसळे.

संस्थेचं काम छोट्या शेतकऱ्यांना घरबसल्या नवी पिकं शिकवण्याचं. उसाच्या जोडीला अळिंबी, कांद्याच्या जोडीला झुकिनी, बांधावर गवती चहा. पाठ व्हिडिओवर असत, अळिंबीचा महिपती सरांचाच, आणि शंकांना फोनवर ललिता उत्तर देई. वर्षभर तोंडातून कडू शब्द काढायचा नाही, असा तिने नेम धरला होता. तो पाळायला आपण नेमकं हेच ऑफिस का निवडलं, असा प्रश्न तिला रोज साधारण अकराच्या सुमाराला पडे.

"मांजरी ना? बघितलं मी," उत्कर्षा मॅडम लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाल्या. संस्था त्या चालवत. वयाने ललिताहून बऱ्याच लहान, हुशार, आणि सतत कुठल्यातरी मीटिंगला उशीर झालेल्या. "तो गट बंद करतोय आपण."

"कारण कळायच्या आधीच?"

"कारण कळलंय की. एकतर विक्रमने दिलेलं अळिंबीचं बी खराब, नाहीतर त्या बाईने काहीतरी केलं. दोन्हींत आपण नाही."

"शुक्रवारी तिला शेडमधून काढतायत, मॅडम. या उन्हात पिशव्या बाहेर आल्या तर वाळून जातील. तिच्याकडे दुसरी सावलीची जागा नाही."

"ललिताताई, आपण शिकवतो. भांडणं सोडवायचं काम पोलिसांचं. तेही करत नाहीत ती गोष्ट वेगळी."

"शुक्रवारपर्यंत मला बघू द्या."

"शुक्रवारी माझा अहवाल जाणार. त्यात मांजरी नसेल. बाकी वेळ तुमचा आहे, हवा तसा वापरा. रजा टाकून."

ललिताने जीभ दाताखाली धरली आणि बाहेर आली. तिने फोटो पुन्हा काढला. सगळ्यांचं पाचट तेच, बी तेच, चुन्याचं पाणी तेच, पाठही तोच. एकीचं पांढरं कसं राहिलं, हे जो तो विचारत होता. बाकी सगळ्यांचं एकाच वेळी हिरवं कसं झालं, हे विचारायला कुणी तयार नव्हतं.

२

व्हिडिओचं सगळं काम शुभंकरकडे होतं. मुलगा अमरावतीचा, अबोल, कानावर कायम मोठाले हेडफोन. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर मॅडमनी एक आलेख लावला होता. लोक पाठ बघताना कुठे कंटाळून निघून जातात, ते त्यात दिसे. अळिंबीच्या पाठाची रेघ मध्येच दरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

"शुभंकर, मांजरीचं ऐकलंस ना?"

"ऐकलं ताई. पण व्हिडिओ तर तोच आहे. बघा ना." तिने मागायच्या आधीच त्याने पाठ उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवली.

सर दिसले. मळकी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. भिजवून वाफवलेलं पाचट त्यांनी जाळीवर पसरलं, म्हणाले, "आता निथळू द्या," आणि शेजारी मांडी घालून बसले. मग नुसतेच बसून राहिले. मागच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा हळूहळू सरकत होता. सरांचे ओठ किंचित हलत होते. ते मनात नाव घेतायत, हे ललिताला माहीत होतं. हा पाठ तिला इतका पाठ होता, की कित्येक महिन्यांत तिने तो बघितलाही नव्हता.

"हे असंच चालतं मग पाऊण तास," शुभंकर म्हणाला आणि त्याने पाठ पुढे पळवला. सरांनी मूठभर पाचट कॅमेऱ्यासमोर दाबून धरलं, एक शब्द न बोलता, बराच वेळ. मग म्हणाले, "झालं. आता थर द्या." पिशवीत एक पाचटाचा, एक बियांचा.

सगळं जागच्या जागी होतं. ललिताने खाली नजर टाकली. पाठाखालची जागा कोरी होती.

"इथे लोकांनी लिहिलेलं असायचं रे. सरांना नमस्कार, रामकृष्णहरी, कुणाची किती अळिंबी निघाली ते."

"अपडेट झालं की जातं कधीकधी," तो म्हणाला. मग तिने काही न विचारता पुढे बोलला, "मला विचाराल तर ताई, पाणी राहिलं असणार आत. घाई करतात बायका."

"असेल," ललिता म्हणाली. यंत्रातलं तिला कळत नव्हतं आणि बायकांच्या घाईवर वाद घालायला तिच्याकडे वेळ नव्हता.

जिना उतरताना मात्र एक गोष्ट तिला खटकली. जो मुलगा जेवतानाही हेडफोन काढत नाही, त्याने आज ते घातलेच नव्हते. जणू कुणीतरी काही विचारायला येणार, याची तो वाटच बघत होता.

३

बुधवारी सकाळी ती विश्रांतवाडीला गेली. अळिंबीचं बी तयार करणारा विक्रम आळंदी रोडवरच्या आपल्या घराच्या तळमजल्यावर प्रयोगशाळा चालवी. दारावर पाटी होती : 'चपला बाहेर. गप्पाही बाहेर.'

"या ताई. माझं बी खराब निघालं म्हणे. ऑफिसातून कळलं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या मॅडम. मी म्हटलं, बी खराब तर त्या एका बाईचं पांढरं कसं? माझं बी माणूस बघून उगवतं का?"

त्याने फळीवरून एक बाटली उचलून तिच्या हातात दिली. प्रत्येक खेपेतली एक बाटली तो मागे ठेवत असे. ही मांजरीच्या खेपेतली होती. आत कापसासारखं पांढरं दाटून आलं होतं, ठिपकासुद्धा नव्हता.

"मग हिरवं कशाने झालं असेल?" ललिताने विचारलं.

"फोटो बघून?" विक्रम हसला. "हात घाणेरडे असतील, सुरी घाणेरडी असेल, उकाडा असेल, पाणी असेल, बी असेल. हिरवा रंग सगळ्यांचा सारखाच असतो. पिशवी न फाडता जो कारण सांगतो, तो एकतर देव असतो नाहीतर चोर. मी दोन्ही नाही."

ललिताने बाटली परत फळीवर ठेवली. बी निर्दोष होतं. म्हणजे मॅडमच्या दोन कारणांपैकी एक गेलं. आता उरली एकटी हुस्नबानू, आणि शुक्रवारच्या आधी मधला एकच दिवस.

४

मांजरीला बस पोचेपर्यंत दुपार झाली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींच्या जाहिराती. सोजरबाईंच्या घरामागे गटाची सामाईक शेड होती, तट्ट्याची, ओल्या गोणपाटांनी झाकलेली. आत शिरताच आंबूस वास आला.

"बघा आता डोळ्यांनी," सोजरबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे गटातल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "सरांच्या पाठावर इस्वास ठेवला आमी. घरच्यांचं बोलनं खाल्लं. म्हनं ऊस सोडून बुरशी पिकवाया निघाल्या. आता तेच हसत्याती."

ललिताने एक हिरवी पिशवी मागून घेतली आणि विळीवर फाडली. तळाशी पाणी साचलं होतं. मूठभर पाचट घेऊन तिने दाबलं, तर पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. दुसरी पिशवी फाडली, वेगळ्या बाईची. तेच. तिसरी. तेच.

मग ती पांढऱ्या रांगेपाशी गेली आणि एका पिशवीचं बांधलेलं तोंड जरा सैल करून दोन बोटांनी पाचटाची काडी ओढली. ओलसर होती, पण ओली नव्हती.

"रातीचं येऊन पानी वतलं तिनं," सोजरबाई म्हणाल्या. "आपल्या पिशव्या सोडून."

"या सुईएवढ्या भोकांतून, सोजरबाई? प्रत्येक पिशवीत सारखं?"

सोजरबाईंना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

"पिशव्या भरल्या कुठे तुम्ही?"

"ज्येच्या त्येच्या अंगनात. बी एकाच दिशी आलं, मग फोन भितीला टेकवून पाठ लावला आन् सर सांगतील तसं केलं. मी तर पाचट पसरून चुलीवर च्या ठिवला व्हता, तो उकळायच्या आत बी पेराया बसले. हात चालतो माजा, बाई."

शुभंकर म्हणाला तसंच म्हणायचं. घाई. ललिताला थकल्यासारखं झालं. पण पुढच्याच क्षणी मनात आलं, की सोजरबाईचा हात चालतो हे खरं. मागे उभी असलेली ती सावकाश बोलणारी बाई, आणि तिच्या शेजारची म्हातारी, या सगळ्यांचा हात एकाच दिवशी, वेगवेगळ्या अंगणांत, तितकाच चालला?

"पाठ कुणाच्या फोनात आहे? जरा लावा बघू."

"कुनाच्याच न्हाई. तुमच्याच मॅडमनी आयतवारी गटावर निरोप धाडला, फोन हळू चालत असंल तर जुनं काढून टाका. समद्यांनी काढलं."

ललिताने आपला फोन उघडला. गटावर शेकडो निरोप होते, सुविचार, फुलं, वाढदिवस. त्यांत तो होता खरा, रविवारी संध्याकाळचा. त्याच्या जरा वर, शनिवारी, एक छोटी ओळ होती : सोजरबाईंनी हुस्नबानूला गटातून काढून टाकलं.

ती ओळ ललिताने दोनदा वाचली. त्यात काहीतरी होतं, पण काय ते हाताला लागेना.

५

हुस्नबानूचं घर कालव्याच्या पलीकडे होतं, दोन खोल्या आणि पुढे उसाचा लहानसा तुकडा. पन्नाशीची बाई. ललिताला बघून तिने ओट्यावर सतरंजी टाकली, पण बसा म्हणाली नाही.

"तुम्हीही विचारायला आलात, काय टाकलं म्हणून?"

"काय केलंस ते विचारायला आले."

"सगळ्यांनी केलं तेच केलं, ताई. सरांचा व्हिडिओ लावला, ते बोलले तसं तसं. दहादा सांगितलं. खरं सांगितलं तर कोणी ऐकत नाही, आणि खोटं मला सुचत नाही."

"उद्या माझ्यासमोर पुन्हा करशील? पहिल्यापासून, तेव्हा केलंस तसंच. काही सोडू नकोस, काही घालू नकोस."

हुस्नबानूने सतरंजीकडे हात केला. "रात्री पाचट भिजत घालते," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी ललिता पोचली तेव्हा अंगणात पिंपाखाली जाळ होता. हुस्नबानूने हात पुसले. "चहा विचारला असता, पण माझा रोजा आहे, एकटीने तुम्ही कसा घ्याल."

"माझा गुरुवार आहे."

"मग बरं झालं. गॅस वाचला." ती पहिल्यांदा हसली.

तिने फोन भिंतीला टेकवून ठेवला. सरांचा आवाज अंगणात घुमला आणि त्या आवाजामागून तिचे हात चालू लागले. पाचट वाफवलं, उपसलं, बाजल्याच्या विणीवर पसरलं. "आता निथळू द्या," सर म्हणाले. तेवढ्यात कालव्याच्या अलीकडून अजान झाली. हुस्नबानूने ओल्या बोटाने व्हिडिओ थांबवला.

"आलेच, ताई. असरची नमाज पढून येते. मग इफ्तारचं बघायचं असतं, वेळ लागेल थोडा. त्या दिवशीही अशीच गेले होते, म्हणून आजही जाते. तुम्हीच म्हणालात, सोडू नको काही."

ललिता बाजल्याशेजारी बसून राहिली. आधी पाण्याच्या धारा होत्या, मग टपटप, मग लांब लांब थेंब. करायला काहीच नव्हतं. तिने बोटांच्या पेरांवर जप सुरू केला. उन्हं उसाच्या शेंड्यांवरून खाली गेली. संध्याकाळची अजान झाली, आतून भांड्यांचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने हुस्नबानू हातात खजूर घेऊन बाहेर आली. "उपासाला चालतो ना?"

बाजल्याखाली आता एकही थेंब पडत नव्हता. ललिताने मुठीत पाचट दाबून बघितलं. तळहात नुसता ओला झाला.

हुस्नबानूने व्हिडिओ पुन्हा सुरू केला. "झालं. आता थर द्या," सर म्हणाले.

ललिताच्या हातातला खजूर हातातच राहिला. "थांब. जरा मागे घे."

"आता निथळू द्या," सर म्हणाले, आणि श्वासही न घेता, "झालं. आता थर द्या." मध्ये बसणं नव्हतं, हलणारे ओठ नव्हते, कॅमेऱ्यासमोर दाबून धरलेली मूठ नव्हती. सरांच्या मानेला एक झटका बसला, आणि भिंतीवरचा उन्हाचा पट्टा एका उडीत खिडकीपासून कोपऱ्यात गेला.

सोजरबाईंचा चहा का उकळला नव्हता, ते ललिताला कळलं.

"तू गेली होतीस हे आधी का नाही बोललीस?"

"नमाज कामात धरतात का, ताई? तुम्ही काम विचारलं, मी काम सांगितलं."

"आणि हा पाठ फोनातून काढला नाहीस?"

"काढायला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. ललिता शनिवार आणि रविवार मनात शेजारी शेजारी ठेवून बघत होती. शनिवारी हिला गटातून काढलं. रविवारी जुनं काढून टाकायचा निरोप आला. हाकलल्यामुळे तो हिच्यापर्यंत पोचलाच नाही. बाकी सगळ्यांच्या फोनातून पुरावा पुसला गेला, आणि जिच्यावर आळ होता तिच्याच फोनात तो राहिला.

तिने हे हुस्नबानूला समजावून सांगितलं. ती खुश होईल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा आणखीच ताठ झाला.

"हे तुम्ही ऑफिसात सांगणार. ऑफिस गटावर लिहिणार. लिहिलेलं कोण वाचतं, ताई? तिथे फुलांचे फोटो येतात वरून." तिने फोन ललिताच्या हातात दिला. "शेडात उभं राहून सांगाल? सोजरबाईंच्या तोंडावर, सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

"मोठी माणसं येतो म्हणतात."

"उद्या दुपारच्या आत," ललिता म्हणाली. "तोंडाने."

६

शुक्रवारी सकाळी ऑफिसात शुभंकर एकटाच होता. ललिताने हुस्नबानूचा फोन त्याच्यासमोर ठेवला आणि पाठ सुरू केला. उन्हाचा पट्टा उडाला तसा त्याने डोळे मिटले.

"मंगळवारी तू म्हणालास, पाणी राहिलं असणार," ललिता हळू आवाजात म्हणाली. "तोवर एकही पिशवी कुणी फाडली नव्हती. हिरवा रंग बघून पाणी कुणाला कळत नाही, पाठातून निथळणंच कापून काढलंय हे माहीत असल्याशिवाय. आणि साइटवरचा पाठ तू नव्याने चढवलास. म्हणून त्याखाली लोकांनी लिहिलेलं सगळं गेलं."

"मी कापलं नाही, ताई. सॉफ्टवेअरने कापलं." त्याने पाठ बंद केला. "जिथे आवाज नाही ती जागा रिकामी समजतं ते. मॅडम म्हणाल्या पाठ आटोपशीर करा, मी सगळे एकदम लावून दिले. बघितले नाहीत. मांजरीचा गट नवा होता, त्यांनी तोच पहिल्यांदा उतरवून घेतला. फोटो आले तेव्हा उघडून बघितला आणि काय झालं ते कळलं. त्याच संध्याकाळी मॅडमना सांगितलं."

"हो, सांगितलं त्याने," दारातून उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "जुना पाठ परत लाव, असं मीच म्हणाले. फोन मोकळे करायचा निरोपही माझाच."

त्या आत आल्या. "सर त्या जागी काहीही करत नाहीत, ललिताताई. लोक तिथे सोडून जातात. आलेख बघा."

"फोनपासून उठून जातात, मॅडम. पाचटापाशी. सर उठून बोलले की मग थर द्यायचे. तिथे हात ओले असतात, घड्याळ कोण बघणार? म्हणून तर सर तेवढा वेळ स्वतः बसले."

"हे मला आधी कुणी सांगितलं?"

"पाठ पूर्ण बघितला असता तर सरांनीच सांगितलं असतं." यात कडू काही होतं का, याचा ललिताने क्षणभर विचार केला. नव्हतं. खरं होतं.

मॅडम खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच त्यांना कुठल्या मीटिंगची घाई दिसली नाही. "हे बाहेर गेलं तर काय होईल, कळतंय तुम्हाला? झुकिनीवाले विचारतील आमचा पाठ खरा का, गवती चहावाले विचारतील. देणगीदार हात काढून घेतील. मग मांजरी नाही, सासवड नाही, कुणीच नाही. एक गट जाऊ दिला मी. बाकीचे वाचावेत म्हणून."

"गट जाऊ दिला असता तर मी रडून गप्प बसले असते. पण आळ तुम्ही एका बाईवर राहू दिलात. रोज तोंड बघणाऱ्या शेजारणींत."

"आळ मी घेतला नाही."

"नाही. तो हटवता येत होता, आणि तुम्ही फोनातली जागा मोकळी करायला सांगितली."

खाली कुठल्यातरी क्लासची मुलं ओरडत सुटली. मग मॅडमनी फोन उचलला. "ठीक आहे. गटावर टाकते. काही तांत्रिक कारणाने पाठाचा एक भाग दिसला नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"त्यात हुस्नबानूचं नाव येईल?"

"नावं कशाला? आणि तिलाही वेगळा निरोप पाठवू."

"तिला काय झालं ते माहीत आहे, मॅडम. बाकीच्यांना माहीत नाही. तुम्ही येता का माझ्याबरोबर? दुपारी तिच्या पिशव्या बाहेर काढतील."

"आज अहवाल आहे."

"मग मी जाते."

"ललिताताई." मॅडमचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुम्ही तिकडे जाऊन संस्थेची चूक म्हणालात, तर मला सांगावं लागेल की तुम्ही संस्थेच्या वतीने बोलला नाहीत. मग सोमवारी इथे यायचं कारण उरणार नाही."

शुभंकर अर्धवट उठला. त्याने मॅडमकडे बघितलं, ललिताकडे बघितलं, आणि परत खाली बसला. "ताई, बाकीचे पाठही कापलेले आहेत," तो स्क्रीनकडे तोंड करून म्हणाला. "मी आज सगळे परत लावतो. एकेक पूर्ण बघून."

"लाव," ललिता म्हणाली.

तिने टेबलावरची आपली पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं, हुस्नबानूचा फोन रुमालात गुंडाळून वर ठेवला आणि जिना उतरली. बसने गेलं तर दुपार टळून जाईल, हा हिशेब तिने वरच करून ठेवला होता. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. चालक पेपर वाचत होता. तिने पत्ता सांगितला तरी त्याने पान उलटलं नाही.

"मांजरी? लांब आहे हो. तिकडून परतीचं कुणी मिळत नाही."

"माझं तिथे काम आहे. वेळ लागेल."

"थांबणार नाही मी."

"नका थांबू," ललिता म्हणाली आणि पदर आवरून आत बसली.